हवा कोणाच्या बापाची?



या वेळचं संपादकीय एअर प्युरिफायरवर आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

संपादक मंडळाच्या बैठकीत मी हा विषय काढला तेव्हा दोघं हसले आणि एक चिडला. चिडणारा म्हणाला, "आपलं मासिक काय फ्रीज-टीव्हीच्या दुकानाचं पत्रक आहे? वस्तीत नळाला पाणी नाही, संडासाला दार नाही, आणि तू मलबार हिलच्या बायांची मशीनं विकायला निघालास!" त्याचा राग मला समजतो. पण त्याला माहीत नाही, किंवा माहीत असून बघायचं नाही, की मागच्या हिवाळ्यात आमच्या एकट्या गल्लीत तीन घरांनी हे मशीन हप्त्यावर आणलं. एकीनं कानातलं गहाण ठेवून आणलं. कुणाची पोरगी रात्रभर खोकते, कुणाच्या बापाची छाती गोदीत गेली, कुणाच्या बाळाला महिन्यातून दोनदा वाफ द्यावी लागते. शौक म्हणून कुणी आणलेलं नाही. मग त्यांना कोण सांगणार, काय घ्यावं, काय घेऊ नये? दुकानातला टायवाला? त्याला कमिशन आहे. आपल्याला नाही. म्हणून आपण सांगायचं.

मी मॅट्रिक शिकलेला, गोदीत कंत्राटावर माल उतरवणारा माणूस. इंजिनिअर नाही. पण धूळ काय असते हे मला कुणी शिकवायला नको. जहाजाच्या पोटात गंधक असतं, रॉक फॉस्फेट असतं, खत असतं. वरून क्रेनचा ग्रॅब तोंड उघडतो आणि पिवळा नाही तर करडा ढग खाली बसतो, आमच्या अंगावर. तोंडाला रुमाल. रुमाल म्हणजे काय तर आपली समजूत. जी धूळ दिसते ती नाकात अडकते, शिंकरली की बाहेर. जी मारते ती दिसतच नाही. अडीच मायक्रॉनची, आपल्या केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या हिश्श्याची. तिला पीएम २.५ म्हणतात. ती रुमालातून जाते, नाकातून जाते, थेट फुप्फुसाच्या शेवटच्या पिशवीत जाऊन बसते, तिथून रक्तात. २०१३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं बाहेरची दूषित हवा माणसाला कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या यादीत टाकली. तंबाखू ज्या यादीत आहे, त्याच यादीत.

आपल्या सरकारनं २००९ साली मर्यादा घालून दिली: घनमीटर हवेत पीएम २.५ वर्षाच्या सरासरीनं ४० मायक्रोग्रॅम, एका दिवसाच्या सरासरीनं ६०. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ साली म्हटलं, वर्षाला ५, दिवसाला १५. म्हणजे आमच्या कायद्यात जी हवा "चांगली", ती त्यांच्या हिशेबात आठपट घाण. आणि ही चाळीसची रेघसुद्धा आपल्याकडं पाळतो कोण?

हवेला जात असते

लोक म्हणतात, हवा सगळ्यांची. चूक. पाणीसुद्धा सगळ्यांचंच होतं, तरी १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर ओंजळभर पाण्यासाठी बाबासाहेबांना हजारो माणसं घेऊन जावं लागलं आणि आपल्या माणसांनी काठ्या खाल्ल्या. आता दुसरी गोष्ट ऐका. त्याच १९२७ साली मुंबईचा कचरा देवनारला टाकायला सुरुवात झाली. एका बाजूला आपण तळ्याकडं चालत होतो, दुसऱ्या बाजूला हे शहर आपल्या उद्याच्या घराची जागा ठरवत होतं.

मुंबईचा नकाशा घ्या. दिवसा वारा पश्चिमेकडून येतो, समुद्रावरून. पहिला श्वास कुणाचा? मलबार हिलचा, वरळी सी फेसचा, बांद्र्याचा. मग तो वारा शहरभर फिरतो, गाड्यांचा धूर, बांधकामाची धूळ, बेकऱ्यांचा, भट्ट्यांचा धूर उचलतो आणि पूर्वेला येतो. चेंबूर, माहुल, गोवंडी, मानखुर्द. तिथं १९५४-५५ साली तेलाच्या दोन रिफायनऱ्या उभ्या राहिल्या, पाठोपाठ औष्णिक वीज, मग खताचा कारखाना. जुनी माणसं चेंबूरला "गॅस चेंबर" म्हणायची ती काय गंमत म्हणून नाही. गावात आपली वस्ती वेशीबाहेर होती. शहरात ती वाऱ्याच्या शेपटाला आहे. फरक इतकाच की गावात निदान उघड सांगायचे.

२०१६ च्या जानेवारीत देवनारची आग पेटली. दिवसचे दिवस धूर. पालिकेच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. उपग्रहाच्या फोटोत तो धूर दिसला, मंत्रालयातून दिसायला मात्र वेळ लागला. त्याआधी २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात एम-पूर्व वॉर्डात मरणाऱ्या माणसाचं सरासरी वय छापलेलं आहे: ३९ वर्षं. एकोणचाळीस! त्या वयात तिकडच्या टॉवरमधला माणूस जिमला जायला सुरुवात करतो.

आणि माहुल. तानसा पाइपलाइनच्या कडेच्या झोपड्या तोडल्या आणि माणसं नेऊन टाकली रिफायनरीच्या भिंतीला. राष्ट्रीय हरित लवादानं २०१५ सालीच माहुल-आंबापाड्याच्या हवेबद्दल निकाल दिला होता. तरी नेलं. २०१९ साली उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की माणसं तिथं राहू शकत नाहीत, त्यांना महिना १५ हजार भाडं आणि ४५ हजार अनामत द्या. २०२० साली लवादानं चार कंपन्यांना मिळून सुमारे २८६ कोटींचा दंड ठोठावला. ज्यांची छाती गेली त्यांची छाती काय या आकड्यानं भरून येते?

आधी पाणी विकलं, आता हवा

हा धंदा नवा नाही. १९८४ साली पाणी शुद्ध करायचं मशीन दारोदार विकायला सुरुवात झाली. टाय लावलेला पोरगा बेल वाजवायचा, घाण पाणी दाखवायचा, भीती घालायचा, मशीन विकायचा. परवडणाऱ्यांच्या घरात ते भिंतीवर गेलं आणि नळाच्या पाण्याबद्दलचा त्यांचा राग संपला. ज्याच्या आवाजाला पालिका घाबरते तो गप्प बसला. उरलो आपण. आता हवेचं तेच चाललंय. ज्याच्या घरात मशीन लागलं त्याला बाहेरच्या हवेशी देणंघेणं नाही.

सरकारचंच बघा ना. २०१४ ते २०१७ या काळात पंतप्रधानांचं कार्यालय आणि केंद्राची सहा खाती यांनी मिळून १४० प्युरिफायर घेतले, सुमारे ३६ लाखांचे. २०१५ च्या जानेवारीत अमेरिकेचे अध्यक्ष दिल्लीला आले तेव्हा त्यांच्या वकिलातीनं त्याआधी १८०० वर मशीनं मागवल्याच्या बातम्या होत्या. म्हणजे साहेबलोकांना हवेचं खरं माहीत आहे. फाइलीवर सही करणाऱ्याच्या टेबलाशेजारी मशीन, आणि फाइलीत लिहिलेलं, परिस्थिती नियंत्रणात आहे. २०२१ साली दिल्लीच्या कनॉट प्लेसला २४ मीटर उंचीचा धुरकं गिळणारा मनोरा उभा केला, वीस कोटींच्या वर पैसा ओतून. उघड्या आभाळाखाली पंखे लावून शहर साफ होतं होय? माझ्या आज्जीनंसुद्धा सांगितलं असतं, बाबा, अंगणात झाडू मारून रस्ता साफ होत नाही.

तेव्हा माझं म्हणणं सरळ आहे. ज्याच्या घरात दम्याचा, छातीचा पेशंट आहे, तान्हं बाळ आहे, म्हातारं माणूस आहे, त्यानं मशीन घेतलं तर त्याला नावं ठेवू नका. पावसात छत्री घेणारा ढगाला शरण गेलेला नसतो. पण घेताना फसू नका, आणि घेतल्यावर झोपू नका.

घेताना काय बघायचं

माझ्या थोरल्या बहिणीला दमा आहे. एका मोठ्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं अडीच मिनिटांत तपासून सांगितलं, "घरात प्युरिफायर लावा." घर केवढं, चूल कुठं, खिडकी आहे का, विचारलं नाही. ताईनं मला फोन केला. मी दुकानं फिरलो, खोक्यावरचं बारीक अक्षर वाचलं, पाटी-पेन्सिल घेऊन हिशेब केला. तोच हिशेब तुमच्यापुढं मांडतो.

पहिलं, फिल्टर. खोक्यावर "हेपा" लिहिलेलं पाहिजे, आणि पुढं एच-१३ सारखा दर्जा. "हेपा टाइप", "हेपासारखा" असं लिहिलं असेल तर परत ठेवा. "पाटलासारखा" म्हणून पाटील होतो का? हेपा ही काय जादू नाही. काचेच्या नाही तर प्लास्टिकच्या बारीक तंतूंचा घड्या घातलेला कागद. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत अणुबॉम्ब बनवताना किरणोत्सारी धूळ पकडायला तो तयार झाला. तो चाळणीसारखा काम करत नाही. मोठा कण सरळ जाऊन तंतूवर आदळतो, अगदी बारीक कण भरकटत भरकटत तंतूला चिकटतो. मधला, ०.३ मायक्रॉनच्या आसपासचा, सगळ्यात चुकार. म्हणून परीक्षा त्याचीच घेतात. अमेरिकी मापानं हजारातले किमान ९९९.७ असे कण पकडले तर तो हेपा.

दुसरं, आणि सगळ्यात महत्त्वाचं: सीएडीआर. म्हणजे मशीन तासाला किती घनमीटर साफ हवा देतं तो आकडा. दुकानदार हा आकडा सांगत नाही, तो सांगतो "चारशे स्क्वेअर फूट कव्हर करतं, सर." सर! पगाराच्या दिवशी मुकादम मला अरे म्हणतो. असो. आपला हिशेब असा. ताईची खोली दहा बाय बारा, उंची दहा फूट. १२०० घनफूट. पस्तीसनं भागा, साधारण ३४ घनमीटर. आजारी माणसाच्या खोलीतली हवा तासाला निदान पाच वेळा मशीनमधून फिरली पाहिजे. ३४ गुणिले ५, म्हणजे १७०. एवढा सीएडीआर हवा. लक्षात ठेवायला सोपं: दहा फुटी उंचीच्या खोलीचे जेवढे स्क्वेअर फूट, त्याच्या दीडपट आकडा बघा.

त्या "चारशे स्क्वेअर फूट"वाल्या मशीनचा सीएडीआर होता २२५. चारशे फुटाच्या खोलीत ते तासाला दोनच फेरे मारील. त्याचा खरा आवाका दीडशे फुटांचा. खोटं छापलेलं नाही, फक्त माप आपल्याला न सांगता बदललंय. रेशनवाला मापात अंगठा घालतो, तसं. आणखी एक: काही खोक्यांवर आकडा घनफूट-मिनिटात असतो, सीएफएम म्हणून. त्याला १.७ नं गुणा, मग घनमीटर-तास होतं. आणि हा आकडा पंखा पूर्ण जोरात असतानाचा. रात्री आवाज नको म्हणून "स्लीप" बटण दाबलं की काम कितीतरी कमी होतं. म्हणून थोडं मोठं मशीन घेऊन मधल्या गतीवर चालवणं बरं.

तिसरं, काय घेऊ नये. "आयन सोडणारं", "ओझोननं जंतू मारणारं" असलं काही सांगितलं की हात जोडा. आयननं धूळ हवेतून जाऊन भिंतीला, गादीला, आपल्या अंगाला चिकटते, आणि काही मशीनं ओझोन तयार करतात. दम्याच्या पेशंटला ओझोन म्हणजे जखमेवर मीठ. गाडीतलं छोटं, गळ्यात घालायचं, पाण्याच्या भांड्यातून हवा काढणारं, सगळा बाजारबुणगा माल. झाडांचंही तेच. नासाच्या १९८९ च्या प्रयोगावर लोक अजून कुंड्या विकतात. तो प्रयोग बंद पेटीतला. २०१९ साली संशोधकांनी सगळे जुने प्रयोग परत तपासले तर निघालं, उघड्या खिडकीइतका फायदा हवा असेल तर जमिनीच्या दर चौरस मीटरला दहा ते हजार कुंड्या लागतील. झोपायचं कुठं मग? तुळस लावा, पण फुप्फुसाच्या भरवशावर नको.

चौथं, मशीन काय करत नाही. ते ऑक्सिजन बनवत नाही. गॅसचा वास, रिफायनरीचा वास, केमिकल, यांना कोळशाचा फिल्टर लागतो, आणि स्वस्त मशीनमध्ये कोळसा म्हणून एक काळी पातळ चिंधी असते; ती महिन्या-दोन महिन्यांत दमते. माहुलला राहणाऱ्या माणसानं हे मशीन घेऊन वास जाईल अशी आशा ठेवू नये. धूळ-धुरावर त्याचं चालतं, वायूवर नाही.

पाचवं, खर्च. मशीनची किंमत म्हणजे नुसता प्रवेश फी. ताईच्या खोलीला पुरेल असं मशीन नऊ हजारात बसत होतं. माझ्या अठरा हजेऱ्या. मुंबईच्या धुळीत फिल्टर सहा महिने ते वर्षभर टिकतो आणि नवा दीड ते तीन हजाराला. हेपा पाण्यानं धुवायचा नसतो, धुतला की मेला. वरची जाळी तेवढी पंधरा दिवसांनी पुसा. वीज: चाळीस वॅटचं मशीन रात्री आठ तास चालवलं तर महिन्याला दहा युनिटच्या आत, चोवीस तास चालवलं तर एकोणतीसच्या आसपास. आपल्या बिलावरचा दर लावून बघा. घेण्याआधी विचारा, या मशीनचा फिल्टर दोन वर्षांनी मिळेल का, कुठं, केवढ्याला. उत्तर नसेल तर ते मशीन म्हणजे एका वर्षानं खिडकीत ठेवायचा डबा. आणि २०२५ साली या मशीनवर जीएसटी होता १८ टक्के. हवा घाण करू देणारे तेच, साफ करण्यावर कर घेणारेही तेच.

सहावं, केव्हा चालवायचं. आपल्याकडं पावसाळ्यात हवा धुतली जाते. ऑक्टोबरपासून वारा पडतो, थंडीत धूर खाली दाबून बसतो, मार्चपर्यंत. ते पाच-सहा महिने, रात्री, आजारी माणूस झोपतो त्या जागेजवळ. पावसाळ्यात मशीन बंद ठेवा तेव्हा फिल्टर कोरड्या पिशवीत बांधून ठेवा, नाही तर बुरशी.

आपल्या घराचा पेच

आता जे खोक्यावर लिहिलेलं नसतं ते. हे मशीन बंद खोलीसाठी बनवलंय. ज्यांनी ते बनवलं त्यांच्या डोळ्यापुढं काचेच्या खिडक्या, एसी आणि माणशी एक खोली होती. आपल्याकडं पत्रा आणि भिंत यांच्यामधून मांजर येतं. दार उघडं, कारण उजेड तिथूनच. एका खोलीत सात माणसं, त्यातच चूल. दार उघडं ठेवून मशीन चालवणं म्हणजे बुडाला भोक असलेल्या बादलीत पाणी भरणं. थोडं साठतं, बरंचसं जातं.

मग दार-खिडकी बंद करावी? तर तिथं टीबी बसलेला आहे. २०१८ साली एम-पूर्व वॉर्डातल्या लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसनाच्या इमारतींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. इमारतीला इमारत चिकटलेली; जिथं उजेड नाही, वारा नाही, तिथं टीबी जास्त. झोपडीतून उचलून पक्क्या घरात टाकलं, पण त्या घराला श्वास घ्यायला नाक ठेवलं नाही. टीबीचा जंतू हवेत तरंगतो. चांगला हेपा त्याला पकडतो हे खरं, पण सात माणसांच्या बंद खोलीत त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहणं परवडणारं नाही. म्हणून मी ताईला सांगितलं: स्वयंपाक होईपर्यंत सगळं सताड उघडं. भाऊजींनी गॅसच्या वर एक्झॉस्ट पंखा बसवला, त्याचा फायदा मशीनपेक्षा आधी दिसला. दुपारी वारा असतो तेव्हा खिडकी उघडी. रात्री रस्त्याच्या बाजूची खिडकी बंद, आतल्या बाजूची फट उघडी, मशीन तिच्या उशाशी. घरात कुणाला टीबी असेल तर खिडकी बंद करायचीच नाही, मशीन असो वा नसो.

आणि पैसा न लागणारी कामं मशीनच्या आधी. मच्छर-अगरबत्ती बंद. २००३ साली छापून आलेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारी बारीक धूळ ७५ ते १३७ सिगरेटींइतकी भरली होती. आपण पोराच्या पायाशी शंभर सिगरेटी पेटवून झोपतो आणि उशाशी प्युरिफायर लावतो! मच्छरदाणी लावा. कोरडा झाडू मारण्याऐवजी ओलं फडकं फिरवा. खोलीत विडी-सिगरेट नको, बापाची असली तरी.

ज्यांना नऊ हजार जमत नाहीत त्यांच्यासाठी. २०२० साली करोनाच्या काळात रिचर्ड कॉर्सी आणि जिम रोझेंथल या दोन अमेरिकनांनी चार चांगले फिल्टर आणि एक पंखा चिकटपट्टीनं जोडून खोका बनवला. तो महागड्या मशीनांच्या तोडीचं काम करतो हे नंतर तपासून सिद्ध झालं. पेटंट नाही, मालक नाही. आपल्याकडं टेबलफॅनला पुढून हेपा फिल्टर घट्ट बांधला तरी तत्त्व तेच. कडेनं फट राहता कामा नये. मात्र फिल्टरनं वारा अडतो, पंख्याची मोटर तापते. जुना, जळका वास येणारा पंखा वापरू नका, सुरुवातीला हात लावून बघा, आणि तसला पंखा चालू ठेवून झोपू नका. आपल्यात वायरमन पोरं कमी नाहीत. आयटीआयवाल्यांनो, हे काम तुमचं.

मशीन एकाचं नको, गल्लीचं

करोनाच्या वेळी आठवा. ऑक्सिजनचा सिलिंडर कुणी एकट्यानं विकत घेतला नव्हता. तो या घरातून त्या घरात फिरला, खांद्यावरून. मग हे मशीन का नाही फिरू शकत? घराघरानं कानातली गहाण ठेवण्यापेक्षा गल्लीनं वर्गणी काढावी, दोन चांगली मशीनं घ्यावीत, वहीत नोंद ठेवावी. ज्याचा पेशंट दवाखान्यातून घरी आला त्याला महिनाभर, मग पुढच्याला. फिल्टरचा खर्च सगळ्यांचा. आमच्या गल्लीत ताईच्या निमित्तानं अकरा घरांनी हे सुरू केलंय. मशीनचा एक पत्ता नाही, ते ताईचंही नाही.

आणि मशीनच्या आधी एक मोजणी-यंत्र घ्या. पीएम २.५ मोजणारं, दोन-तीन हजारात मिळतं. अगदी सरकारी काट्याइतकं अचूक नसतं, पण उगाच हिरवा दिवा दाखवत नाही. रोज सकाळ-संध्याकाळचा आकडा खडूनं नाक्याच्या फळ्यावर लिहा. बांधकामाच्या बाजूला किती, शाळेपाशी किती, कचरा जळतो तिथं किती. केंद्राच्या "समीर" ॲपवर जवळच्या सरकारी केंद्राचा आकडाही लिहा, शेजारी. पालिकेच्या साहेबापुढं "त्रास होतो" म्हणून गेलं की तो खुर्चीसुद्धा देत नाही. तीन महिन्यांची वही टेबलावर आदळली की चहा मागवतो.

मागण्या नवीन शोधायला नकोत. १९८१ पासून हवेचा कायदा आहे. १९९१ साली सुभाष कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, प्रदूषणमुक्त पाणी आणि हवा हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. बाबासाहेबांनी घडवलेल्या घटनेतलं एकविसावं कलम. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईची हवा टॉवरवाल्यांनाही झोंबली, तेव्हा उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली, पालिकेनं नियम काढले: उंच बांधकामांना ३५ फुटी पत्र्यांचं कुंपण, पाण्याची फवारणी, राडारोडा झाकून. २०२४ च्या डिसेंबरात भायखळा आणि बोरिवली पूर्वेची बांधकामं थांबवलीही. म्हणजे थांबवता येतं! मग देवनार-गोवंडीला का नाही?

म्हणून आपण मागायचं ते हे. पालिकेच्या दवाखान्यात, बालवाडीत, शाळेत फिल्टर लावा. तिथं एक मशीन चाळीस पोरांना पुरतं. वस्तीत मोजणी-केंद्र बसवा, समुद्राकाठच्या बागेत नको. सफाई कामगार, बिगारी, गोदी कामगार यांना कंत्राटदारानं एन-९५ द्यायचा, महिन्याला एक नाही, लागेल तेवढे. जहाजातून धुळीचा माल काढताना पाणी मारा, ग्रॅब झाका. आणि पुनर्वसनाचं घर देताना आधी हवा मोजून कागद दाखवा. माहुल पुन्हा नको.

चिडलेल्या त्या मित्राला एवढंच सांगतो. मशीन घेणाऱ्या बाईला तू मध्यमवर्गीय म्हणू नकोस. तिचं पोर खोकतंय. तिच्या दारात जा, तिच्या मशीनचा फिल्टर काढ, महिन्याभरात तो केवढा काळा झालाय ते तिला आणि शेजारणींना दाखव. तो काळा कागद घेऊन त्यांच्यासोबत वॉर्ड ऑफिसात जा. आपण लिहितो त्या कवितेपेक्षा तो जास्त बोलेल.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता वर्गणीच्या वहीसकट भेटू. येताना रुमाल नको. मास्क आणा.

जय भीम!